कुलूपबंद तांड्यातला नाताळ

आमच्या तांड्यावर चाळीस घरं आहेत. दिवाळी झाली की त्यातल्या तीस घरांना कुलपं लागतात. माणसं ऊस तोडायला कारखान्यावर जातात आणि लेकरं आमच्यासारख्या म्हाताऱ्यांपाशी राहतात. आखाडा बाळापूरहून पाळकसाहेब महिन्यातून एकदा प्रार्थनेला येतात. बाकीच्या रविवारी लेकरांना गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे.

येशूच्या जन्माची गोष्ट मी बसून सांगत नाही. बसून सांगितली की लेकरं पेंगतात. मी त्यांना चालवते. राजानं नावं लिहून घ्यायचा हुकूम काढला, म्हणून योसेफ आणि पोटुशी मरिया घर सोडून निघाले, हे आमच्या लेकरांना वेगळं समजावावं लागत नाही. भांडी आणि गोधडी बांधा म्हटलं की बराबर बांधतात. मागच्या वर्षी योसेफ झालेल्या थावरानं मरियेच्या हातातही कोयता दिला. का, असं विचारलं तर म्हणाला, जोडी असल्याशिवाय मुकादम घेत नसतो. मी तो कोयता काढला नाही.

यंदा माझ्या घरातूनही जोडी गेली. माझा मुलगा जगन आणि त्याची बायको निता. निताला सातवा महिना होता. जाताना तिनं मला विचारलं, याडी, मी राहू का. एकट्या जगनला मुकादमानं घेतलं नसतं. मी म्हणाले, जा.

डिसेंबरच्या मध्यावर ती एकटीच परत आली. तिच्या जागी मुकादमानं जगनसोबत दुसरी बाई जोडली होती. जगननं फोनवर एवढंच सांगितलं की मुलगी होती, रडली नाही. निता आली ती भिंतीकडे तोंड करून पडली. ताट ठेवलं तर खायची. बोलत मात्र नव्हती. असे नऊ दिवस गेले. तिनं मला काहीतरी बोलावं, शिवी दिली तरी चालेल, असं मला झालं होतं.

चोवीस तारखेला सकाळी लेकरं निघाली. दहा वर्षांची शिला मरिया झाली. थावरा योसेफ. मागं एक शेळी. प्रत्येक दार वाजवायचं आणि जागा मागायची. जागा नाही म्हणायला घरात माणूस लागतं, ते कुठून आणणार? उघड्या घरांतली म्हातारी सकाळीच रानात गेलेली. थावरा कुलूप हलवायचा आणि शिलाला म्हणायचा, "न्हाई म्हणून राहिलं." लेकरं हसायची. मग पुढचं घर.

आमच्या दारापाशी मी आडवी उभी राहिले. हे घर सोडा, सरळ गोठ्याकडे चला, म्हणाले.

"काहून, दादी?" शिला म्हणाली. "इथं तं कुलूप न्हाई."

तोवर थावरानं कडी वाजवली. थांबून पुन्हा वाजवली.

नितानं दार उघडलं. पदर तिनं छातीशी धरला होता, तो ओला झाला होता. दूध अजून आटलं नव्हतं. थावराला आतून कुणी येईल असं वाटलं नव्हतं, तो शेळीपाशी मागं सरला. मग शिलानं पोटाला बांधलेली गोधडी सावरली आणि रात्रीपुरती जागा मागितली.

निता त्या गोधडीकडे बघत राहिली.

"इथं न्हाई," ती म्हणाली. "फुडं न्या."

तिनं दार लावलं. लेकरं खूश झाली. पहिल्यांदाच कुणीतरी गोष्टीतल्यासारखं बोललं होतं. ती गोठ्याकडे पळाली. मी आत गेले.

निता दाराला टेकून बसली होती.

"तिघांनी असंच म्हणलं, याडी," ती म्हणाली. "तीन दवाखान्यांत. ट्रॅक्टरवरून उतरूच दिलं न्हाई. चौथ्यानं उतरवून घेतलं, तवर झालं होतं."

वाटेतली गावं सांगावीत तसं तिनं ते सांगितलं. मी विचारलं, ट्रॅक्टरवर ऊन होतं का. तिनं व्हय म्हटलं. मी जा म्हणाले होते, ते तिनं काढलं नाही. मीही काढलं नाही.

बाहेरून शिलाची हाक आली. गोधडीचं लेकरू गव्हाणीत ठेवायचं की खाली, असं विचारत होती. मी बसूनच राहिले.

"जावा तुमी," निता म्हणाली. "कडबा ओला आसंल. खाली पोतं टाका."

मी कोपऱ्यातलं पोतं उचललं, झटकलं आणि गोठ्याकडे गेले.