बाजारातली लोळण

दवनीवाड्याच्या केवलरामशी वाकडं बोलायची गावात कुणाची टाप नव्हती. धानाचा भाव पाडून मागणारा व्यापारीसुद्धा त्याच्या एका नजरेनं सरळ व्हायचा. असा हा गडी चार वर्षांच्या लेकीपुढे मात्र रोज हरायचा. टीनानं जमिनीवर लोळण घेतली की तो आधी दरडावायचा, "ऊठ, नाई तं देतो एक!" मग विनवायचा आणि शेवटी बिस्किटाचा पुडा फोडायचा. ती 'एक' त्यानं आजवर दिली नव्हती, हे टीनाला पक्कं ठाऊक होतं.

एक दिवस अंगणवाडीतून बोलावणं आलं. लाल चेंडू मिळाला नाही म्हणून टीना आधी लोळली, मग एका पोराच्या दंडाला कडकडून चावली होती.

"पोरगी हुशार आहे, भाऊ," सेविका अंजूताई म्हणाल्या. "पन लोळलं का मिळते, हे तिले कोनं शिकवलं?"

"मोबाईलमुळं होते जी हे सारं."

"मोबाईल लोळते काय?"

मग अंजूताईंनीच उपाय सांगितला.

"नाई म्हटलं का नाईच. मारू नका, ओरडू नका, लालूच देऊ नका. तिच्याजवळ बसून राहा फक्त."

रविवारच्या बाजारात टीनानं प्लास्टिकचा जेसीबी मागितला. घरी दोन पडलेले होते. केवलराम "नाई" म्हणाला आणि टीना रस्त्यात आडवी झाली. तोही शेजारी उकिडवा बसला.

"काय हरवलं, केवलराम?" येणारेजाणारे विचारू लागले.

भाजीवाली रुख्माबाई कळवळली, "घेऊन दे ना बाप्पा, लेकरू रडून राहिलं!"

त्याचा हात दोनदा खिशाकडे गेला, दोनदा परत आला. कपाळावरून घाम निथळत होता. टीना मधूनच एक डोळा उघडून बापाकडे पाही आणि पुन्हा सूर लावी. पाव तास असा गेला. शेवटी तीच उठली, फ्रॉक झटकला.

"बाबा, चल ना घरी. लोक पाहून राहिले."

तिला खांद्यावर घेऊन केवलराम कुस्ती जिंकल्यासारखा घरी आला.

महिनाभरात चावणं थांबलं. लोळण मात्र आजीपुढे अजून चालते. "आई, तिले काही देऊ नोको," केवलराम परवा बजावत होता.

सुमित्राबाईंनी नातीच्या हातावर गूळ ठेवला. "मोठा आला शिकवनारा! तू लोळत होतास तवा कोन देत होतं?"