आल्यावर विचारा

हातखंब्याला नवा पूल झाला आणि गाड्या चंपाच्या डोक्यावरून जायला लागल्या. अगदी खरोखरच डोक्यावरून. खानावळीच्या दारात उभं राहिलं की वर टायरांचा आवाज, खाली सर्व्हिस रोडवर एखादं झोपलेलं कुत्रं. पूर्वी चंपा भाकरी थापता थापता बाहेर बघायची आणि गाडीचा वेग कमी झाला की आणखी एक थापायला घ्यायची. आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मुंबईहून मुलाचा, अमरदीपचा फोन.

"आये, बंद कर नि ये इकडं. कोणासाठी रांधतेस?"

"येतील रे."

"दिवाळीपर्यंत बघ. मग मीच येऊन कुलूप घालतो."

तो वाईट नव्हता. त्याच्या खोलीत जागा होती, सूनही शब्दाने कधी दुखवत नसे. पण दोघं सकाळी कामाला जात, दार लागे, आणि गेल्या खेपेला चंपाने तिथे दिवसभर टीव्हीतल्या बायकांना उत्तरं दिली होती. इथे, नवरा सखाराम गेल्यापासून, तिला गिऱ्हाईक होतं. जेवायला आलेला माणूस तोंड उघडतोच.

तर गोष्ट एवढीच. खानावळ राहिली तर बोलायला माणूस. नाही तर ती खोली.

*

भाची आम्रपाली रत्नागिरीला कॉलेजात. रविवारी आली, चप्पल काढायच्या आधी फोन काढला.

"आत्ये, आता पाट्या कोण वाचत नाय. गाडीत बसल्या बसल्या फोनला विचारतात, हातखंब्याजवळ माशांचं चांगलं जेवण कुठे? तो दोन-तीन नावं सांगतो. विषय संपला."

"त्यात आपलं?"

"नाय."

"एवढी वर्षं रस्त्याला बसलेय मी. त्याला दिसत नाय?"

"त्याला डोळे कुठे आहेत? तो एआय. लोकांनी लिहिलेलं वाचतो नि त्यातलं सांगतो. तुझ्याबद्दल कोणी लिहिलेलंच नाय, म्हणजे त्याच्या लेखी तू नायस." तिने फोनवर चंपाच्या खानावळीचं एक पान उघडलं. "लोक तुला काय विचारतात ते सांग. जसंच्या तसं. खाली उत्तर लिहू. असं असलं की त्याला पटकन सापडतं."

"लोक असते तर तुला कशाला बोलावलं असतं?"

"मग आठव."

म्हणून चंपाने रिकामी टेबलं भरली. खिडकीशी कोल्हापूरचा ट्रकवाला बसवला. पंख्याखाली मुंबईचं कुटुंब, त्यातलं एक पोर रडकं. कोपऱ्यात संगमेश्वरचे एक गुरुजी, आमटी पुन्हा पुन्हा मागणारे.

प्र. जेवण आहे का?
उ. आहे. बसा.

प्र. सोमवारी मासे मिळतात का?
उ. मिळतात. खाणारे मिळत नाहीत.

(आम्रपालीने दुसरं वाक्य खोडलं. चंपाने ते परत घालायला लावलं.)

प्र. फार तिखट असतं का? पोराला चालेल?
उ. पोराची आमटी वेगळी काढते. रडत असेल तर माझ्याकडे द्या आणि तुम्ही जेवून घ्या.

प्र. बायकांसाठी संडास आहे का?
उ. मागे आहे. कडी नीट लागते.

प्र. पुलावरून खाली यायचं कसं?
उ. संगमेश्वराकडून येत असाल तर पूल चढूच नका, डाव्या हाताने खाली राहा.

प्र. मावशी, आडनाव काय?

आम्रपालीचा अंगठा थांबला. "हे पण विचारतात?"

"हात धुवायच्या आधी. मी सांगते. मग काही जण हात धुतात. काही जण घड्याळ बघतात नि त्यांना एकदम उशीर होतो."

"हे नाय टाकायचं."

नाही टाकलं.

*

गाड्या आल्या. फोनने चंपाचं नाव घ्यायला सुरुवात केली, आधी शेवटी, मग मध्ये, मग पहिलं.

आता त्या कशा आल्या ते ऐका.

गाडी थांबते. बाया उतरून सरळ मागे जातात, कुठे ते त्यांना ठाऊक. बसतात. सुरमईवर बोट ठेवतात. पोराची आमटी वेगळी, हेही ठाऊक. जेवतात. भिंतीवरच्या चौकोनापुढे फोन धरतात. पैसे मिळाल्याचं गल्ल्यावरचं डबडं मोठ्याने सांगतं. गाडी जाते.

दिवसभरात मोठ्याने बोललेलं ते एक डबडं.

जेवण आहे का, कोणी विचारलं नाही. पोरंसुद्धा रडली नाहीत, फोनकडे बघत गप्प जेवली. आडनावही कोणी विचारलं नाही, आणि पहिले काही दिवस चंपाला त्याचं फार बरं वाटलं. गिऱ्हाईक हात धुतंय की नाही, हे चोरून बघायची तिची सवय सुटली. मग हळूहळू बाकीचंही सुटत गेलं. आपणहून बोलायची तिला सवय नव्हती. गिऱ्हाईक विचारी, ती उत्तर देई, उत्तरातून सखारामची गोष्ट निघे, समोरच्याच्या गावची निघे. आता सगळी उत्तरं तिच्या आधीच गिऱ्हाइकाकडे पोचलेली.

अमरदीपचा फोन. "धंदा जोरात आहे म्हणे! मी पण विचारलं त्याला, तुझंच नाव सांगितलंन."

"हं."

"आवाज का गो असा?"

"कसा?"

"बसल्यासारखा."

"वापरला नाय म्हणून."

*

"काढ," चंपा पुढच्या रविवारी म्हणाली.

"काय काढू?"

"उत्तरं. प्रश्न राहू देत. खाली लिही, आल्यावर विचारा."

"आत्ये, डोकं फिरलं का? उत्तर नाय मिळालं की तो दुसऱ्याचं नाव सांगणार."

"सगळी नको काढू. संडासाचं ठेव, बायांची पंचाईत होते. रस्त्याचं ठेव."

"आणि विचारायला लागले की ते आडनावाचं पण विचारतील. ठाऊक आहे ना?"

चंपा नारळ खोवत होती.

"विचारणारे सगळंच विचारणार गो. त्यातलं निवडून कसं घ्यायचं?"

आम्रपालीने काढलं.

प्र. जेवण आहे का?
उ. आल्यावर विचारा.

प्र. फार तिखट असतं का?
उ. आल्यावर विचारा.

भाची म्हणाली तेच झालं. नाव खाली घसरलं, कधी दिसे, कधी नाही. अमरदीपने पुन्हा दिवाळीचा विषय काढला. चंपा "बघू" म्हणाली आणि दारात जाऊन उभी राहिली.

भर दुपारी एक गाडी पूल न चढता खालून आली. एकटी बाई, खांद्याला लॅपटॉपची बॅग. फोनकडे बघितलं, मग चंपाकडे.

"इथं लिहिलंय, आल्यावर विचारा."

"विचारा की."

"काय विचारू? भूक लागलीय हो मला."

चंपाने ताट वाढलं. बाई जेवू लागली. डाव्या हाताने फोन चालूच. वर पुलावरून गाड्या. चंपा मोरीपाशी उभी राहिली, पदराला हात पुसत, पुसून झाल्यावरही पुसत. बाईची एक भाकरी संपली. काही विचारलं जाईना.

मग चंपाने आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. स्टूल ओढलं आणि गिऱ्हाइकाच्या समोर बसली.

"तुम्ही कुठच्या?"

"पुणे," बाई मान वर न करता म्हणाली.

चंपा उठली नाही. बसल्या जागेवरून तिने वाटीत आमटी ओतली, आणि बाईचा घास गिळून होईपर्यंत थांबली.

"पुण्यात कुठे?"