पिवळ्या जॅकेटचे पालक

चर्र, असा आवाज झाला आणि दाराच्या कडीवरचा माझा हात तिथेच थांबला.

बुटाचा वेल्क्रो. घर झोपेत आहे असं मी धरून चालले होते. डबा फडक्यात गुंडाळला होता, भांड्याला भांडं लागू दिलं नव्हतं, चहाही कामावर पिऊ म्हणून टाळला होता. वळून पाहिलं तर भिंगरी पलंगाच्या कडेला बसून बूट चढवत होती. अंगात झोपायचा फ्रॉक, केसांचं घरटं झालेलं, आणि उजवा बूट डाव्या पायात.

भिंगरी माझी लेक. एका जागी ठरत नाही म्हणून तिच्या आजीनं ठेवलेलं नाव. शाळेत दुसरं आहे, पण त्या नावानं हाक मारली तर ती ओ देत नाही.

"मी तयार झाले," ती म्हणाली. "मुखवटा तू घे."

मुलांच्या मेळ्याचा दिवस होता. दरवर्षी त्या दिवशी मुलं पुठ्ठ्याचे प्राण्यांचे मुखवटे लावून बागेपासून मैदानापर्यंत मिरवत जातात आणि प्रत्येकाचा हात घरच्या मोठ्या माणसानं धरलेला असतो. भिंगरीनं हत्ती केला होता. सोंड सारखी गळून पडायची, म्हणून ती चार वेळा चिकटवून झाली होती. या वर्षी हात मी धरणार, असं मी तिला पावसाळ्यापासून सांगत आले होते.

आणि आदल्या दिवशी तातडी साहेबांचा फोन आला. ते आमच्या नगरपालिकेचे कार्यक्रम अधिकारी. त्यांचं कुठलंही वाक्य 'तातडीनं'पासून सुरू होतं, म्हणून हे नाव. दुसऱ्या निवेदिकेचा घसा बसला होता, सुट्टी रद्द. मी होय म्हणाले. लेकीला सांगायचा धीर मात्र झाला नाही. झोपेत असतानाच सटकायचं आणि समजूत घालायचं काम सासूबाईंवर सोडायचं, असा माझा भित्रा बेत होता.

मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, की आज तिथे मुलं हरवणार का. हरवतातच गं, म्हणाले मी. बूट नीट करायला हात पुढे केला, पण कामाची गाडी खाली हॉर्न द्यायला लागली होती.

आमच्या गावात कार्यक्रमांना तोटा नाही. थंडीत धावण्याची शर्यत, मग फुलांचं प्रदर्शन, पुस्तकांचा बाजार, उन्हाळ्यात बागेतली नाटकं, पाऊस ओसरला की होड्यांची शर्यत, आणि शेवटी हा मेळा. लोक आले की हरखून जातात, वर्ष कसं सरलं कळलंच नाही म्हणतात. आम्हाला चांगलं कळतं. आम्ही खुर्च्या मांडतो आणि उचलतो. नवरा नगरपालिकेतच वायरमन आहे. गर्दी खाली असते तेव्हा तो खांबावर असतो. आमचं लग्नसुद्धा दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत बसवलं, असं नणंद अजून चिडवते.

माझं काम हरवले-सापडले कक्षात. कक्ष म्हणजे ताडपत्रीची खोली, माईक, फोन, सतरंजी आणि बिस्किटांचा डबा. घोषणेचा एक नियम आहे: मुलाचं नाव माईकवर घ्यायचं नाही. नाव ऐकून कुणीही येईल आणि हाक मारून पोराला घेऊन जाईल. म्हणून फक्त कपडे सांगायचे. नाव, घर, ओळख हे न्यायला येणाऱ्यानं सांगायचं. शाळाशाळांतून हे सांगत मीच फिरते.

मुलाला नेईपर्यंत मी त्याला मांडीवर घेते, गोष्ट सांगते. त्या मुलांच्या गमती घरी जाऊन सांगायच्या, ही माझी सवय. एकदा एक गुटगुटीत पोरगं वडील आले तरी माझ्या मांडीवरून उठेना. भिंगरीला ती हकिकत फार आवडायची. पुन्हा सांग म्हणायची. मला वाटायचं, हसू येतं म्हणून.

मेळ्यात दुपार कलली आणि लांबच्या फाटकावरून फोन आला. रखवालदार त्या दिवसापुरता नेमलेला, नवा होता.

"बाई, एक पोरगी आलीये. स्वतःच येऊन म्हणाली, मी हरवलेय. रडणं नाही, काही नाही. माझ्या खुर्चीवर बसून पाय हलवतेय आणि मी उभा."

मी कपडे विचारले. पिवळं जॅकेट, मागे टोपी असलेलं. बूट उलटे घातलेत. नाव विचारलं तर म्हणते, नाव सांगायचं नसतं.

मला हसू आलं. कुणाची तरी शहाणी लेक, म्हटलं, आपलं शाळेत घसा फोडणं अगदीच वाया जात नाही. बूट तर माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पोरांचे उलटे असतात. माझ्या घरात पिवळं जॅकेट नव्हतं, आणि सासूबाई गुडघे धरून घरीच असणार, हे मी गृहीत धरलं होतं. मी माईक ओढला आणि म्हणाले, "पिवळं जॅकेट आणि उलटे बूट घातलेली एक लहान मुलगी आमच्याकडे सुखरूप आहे. तिच्या पालकांनी त्वरित कक्षात यावं."

कुणी आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना आवाजात जरा धार आली असावी. एवढंसं पोर सोडून कुठे रमलेत हे लोक, असं मनात येत होतं. मुलीला इकडे आणा, मी रखवालदाराला कळवलं.

ताडपत्री बाजूला झाली आणि पिवळ्या जॅकेटात माझी लेक आत आली.

जॅकेट नणंदेच्या मुलीचं होतं, मी कामावर गेल्यावर आलेल्या जुन्या कपड्यांच्या पिशवीतलं. बाह्यांतून बोटं दिसत नव्हती. रखवालदारानं विचारलं, तिचे पालक आले का. मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो परत गेला.

भिंगरी सरळ येऊन मांडीवर बसली.

"तू किती वेळा बोलावलंस," ती म्हणाली. "कोणीच आलं नाही."

मी तिचे बूट काढले. मोज्यात बागेतली वाळू गेली होती, ती झटकली. टाचेवर लाल वळ उठला होता. सकाळपासून बूट तसेच होते. उजवा उजव्या पायात घातला, डावा डाव्यात. तिनं बिस्कीट घेतलं आणि गोष्ट सांग म्हणाली. हरवलेल्या मुलांना सांगतेस तीच. मी सांगायला लागले. मध्येच मी अडले की ती पुढचं वाक्य स्वतः म्हणायची. सगळी गोष्ट तिला पाठ होती.

गोष्ट संपायच्या आत सासूबाई आल्या. गुडघा दाबत, काखेत हत्तीचा मुखवटा. त्या मुळीच घाबरलेल्या नव्हत्या. सकाळभर पोरगी घुमी बसली म्हणून त्या तिला रिक्षानं घेऊन आल्या होत्या. आईकडे जाते असं सांगून ती बाकावरून उठली, आणि कक्ष तर समोरच दिसत होता. माझी घोषणा त्यांनी ऐकली नाही का, असं मी विचारलं.

"ऐकली की," त्या म्हणाल्या. "म्हटलं, असेल कुणाची बेवारशी. आपली तर आईजवळ आहे."

मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढचं बोलणं गिळलं. मिरवणूक निघतेय, मी हात धरते तिचा, एवढंच हळू म्हणाल्या. बाहेर ढोल वाजायला लागला होता. फोन वाजला. आणखी एक मूल, निळा सदरा, रडतंय. तातडी साहेब ताडपत्रीतून डोकावून मनगटावर बोट आपटून गेले.

भिंगरीनं मुखवट्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. मांडीवरून ती उतरली नाही. माईक माझ्या तोंडाजवळ येईपर्यंत तिनं दोन्ही हातांनी वाकवला.

"आई, तू यात सांग ना, की मी अजून सापडले नाही म्हणून. सांगशील?"