सात नंबरचा सूर

बिघडलेली मशीन नीट करणं हा माझा धंदा आहे. नीट झालेल्या मशीनबद्दल कोणी मला शिव्या घालेल असं उभ्या आयुष्यात वाटलं नव्हतं. पण त्या शुक्रवारी लाँड्रीतल्या अकरा माणसांनी घातल्या, आणि माझी सख्खी ताई त्यात सगळ्यांत पुढे होती.

आधी थोडं मागचं सांगतो. बायको गेल्यापासून दीड वर्ष मी माणसांशी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. बोलायचो ते वॉशिंग मशीनशी. मशीन निदान "जेवलास का" म्हणून डोकं खात नाही. डॉक्टर म्हणाले, माणसांत मिसळा. ताई त्या लाँड्रीत इस्त्रीवर असते. कामाची पाळी संपली की दर गुरुवारी चार वाजता तिथली माणसं गातात. इस्त्रीवाल्या बायका, घड्या घालणारे आजोबा, व्हॅन चालवणारे आमचे भावोजी, सगळे सात नंबरच्या मशीनभोवती कोंडाळं करून. तिथेच का, असं विचारलं तर म्हणायचे, तिथे बरं लागतं. ताईने मला मानगुटीला धरून तिथे नेलं.

"मला गाता येत नाही," मी म्हणालो.

"मग नुसतं तोंड हलव."

चार महिने मी तोंड हलवलं. आणि खोटं कशाला बोलू, गुरुवारची वाट बघायला लागलो. माझे गुडघे धरतात म्हणून आजोबा माझ्यासाठी एक बादली पालथी घालून ठेवायचे, त्यावर दुसऱ्या कोणाला बसू द्यायचे नाहीत. आठवड्यातून एकदा आपली जागा कोणीतरी धरून ठेवतं, एवढ्यावर मी बाकीचे सहा दिवस काढायचो. ती बादली गेली असती तर मी पुन्हा घराबाहेर पडलो नसतो.

खुपायचं ते फक्त सात नंबर. त्याचं बेअरिंग गेलेलं. ड्रम फिरला की "घूंऽऽ", आणि दर चौथ्या फेरीला "खट्". मेकॅनिकच्या कानाला हा छळच. त्यात एका शुक्रवारी लाँड्रीत या सगळ्यांच्या गाण्याचा कार्यक्रम ठरला, गिऱ्हाइकं आणि घरची माणसं मिळून साठ खुर्च्या. मला वाटलं, गाणं आपल्याच्याने होत नाही, निदान एवढं तरी करावं. त्या सकाळी कोणाला न सांगता बेअरिंग बदललं, नट आवळले. जुनं बेअरिंग भंगारात टाकून आलो.

चार वाजता ताईने नेहमीसारखं सात नंबर चालू केलं. ते मुकाट फिरायला लागलं. सगळ्यांनी श्वास घेतला आणि गाणं सुरू केलं, म्हणजे अकरा गाणी सुरू झाली. ताई आभाळात, आजोबा तळघरात, भावोजी तर भलत्याच गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात. नऊ वर्षं हे लोक सूरही त्या बेअरिंगचा घेत होते आणि तालही, आणि एकालाही त्याचा पत्ता नव्हता. पहिल्या रांगेतल्या बाईंनी आपल्या बाळाचे कान झाकले.

ताईने मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू हात लावलास?"

"बेअरिंग बदललं. एक वर्षाची गॅरंटी आहे."

मग शिव्या झाल्या. "कोणी सांगितला होता तुला शहाणपणा?" भावोजी ओरडले. आजोबांनी माझी बादली उचलली आणि सरळ करून ठेवली.

मी ड्रममध्ये पाना टाकला. चमच्यांचा खण सांडल्यासारखा आवाज आला. पाना काढून भावोजींचे बूट टाकले. कोणीतरी जिना उतरतंय असं वाटलं, आणि प्रेक्षकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या.

"असं नव्हतं रे वाजत!" ताई रडकुंडीला आली.

"कसं वाजायचं ते मला सांगू नकोस!" मीही चिडलो. "असं वाजायचं! घूंऽऽ, घूंऽऽ, घूंऽऽ, खट्!"

आजोबांनी मान वर केली. "परत कर," ते म्हणाले.

मी परत केलं. तिसऱ्या घूंला आजोबांचा आवाज येऊन लागला, खट्ला ताईचा, आणि मग अकराच्या अकरा सात नंबरला सोडून माझ्याभोवती गोळा झाले. चाळीस मिनिटं मी खराब बेअरिंग झालो होतो. मध्येच मला रडू फुटलं, बायको गेल्यापासून पहिल्यांदा, सगळ्यांच्या देखत. पण खट् एकदाही चुकू दिलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर लाँड्रीचे मालक काळजीने जवळ आले. "यांच्या छातीत कसली तरी घरघर आहे. कोणाला तरी दाखवून नीट करून घ्या."

ताईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "याला कोणी हात लावायचा नाही," ती म्हणाली.

आजोबांनी बादली पालथी घातली. मी बसलो.