सोवळ्याचं दार

मले त्या काचेच्या दाराची पहिल्या दिवसापासून किळस. आमच्या पोट्ट्याने, शिशिरने, बुढापारा मोहल्ल्यातल्या या घराची न्हाणी नवी केली तेव्हा हौसेनं शॉवरले काचेचं दार लावलं. बोअरिंगच्या पाण्यानं त्यावर पांढरी खरपुडी चढली, खालच्या रबरात केस अन् साबणाचा गाळ अडकला. शी! ते घासायचं काम पिंकीचं. पिंकी आमच्याकडे धुणंभांडी करते अन् तिच्या एकटीच्या कमाईवर तिचं घर चालते.

त्यात आमच्या ह्यांचं सोवळं. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून जास्तच. पूजेचं धोतर धुऊन असं उंच टाकायचं की कोणाचा हात लागू नये. घरात दांडी नाही, म्हणून हे ते ओलं धोतर त्या काचेच्या दारावर टाकत. ते तिथं असेस्तोवर त्या न्हाणीत दुसऱ्यानं पाय ठेवायचा नाही, आम्ही सगळे मागच्या न्हाणीत. दुसऱ्या दिवशी आंघोळ झाली की हे ते ओढून नेसत अन् पूजेले बसत. मग पिंकीनं आत जायचं.

एका सकाळी आतून धाडकन आवाज आला. जाऊन पाहते तर अख्खं दार साबुदाण्यासारखं खाली सांडलेलं, अन् हे मधोमध धोतर छातीशी धरून उभे. खरचटलंही नव्हतं. म्हणाले, काल पिंकीनं घासताना दार आपटलं, तेव्हाच तडकलं असंल.

पिंकी रडकुंडीले आली. "मैं नइ टोरे हंव, अम्मा," मी नाही तोडलं, एवढंच आपल्या बोलीत म्हणत राहिली. मी शिशिरले म्हटलं, उगाच कोणावर आळ घेऊ नको. तो पडला बापाचा लेक. हिंदीतच म्हणाला, पापा झूठ थोड़ी बोलेंगे. पिंकीले कामावरून काढलं. गाळात रुतलेले काचेचे कण मग मीच वेचले. बोटांले असा बुळबुळीत थर चिकटला की तीनदा हात धुतले तरी जाईना.

भनपुरीच्या काचवाल्याकडून नवी काच आली, बसली. ह्यांनी त्याच दिवशी धोतर पुन्हा तिच्यावर टाकलं.

दुसऱ्या सकाळी ह्यांचा चष्मा बाहेर राहिला म्हणून मी तो द्यायला गेले. न्हाणीचं दार उघडंच होतं. हे ओलेत्यानं उभे. धोतराचं टोक वरच्या बिजागरीत अडकलेलं, अन् हे ते हिसकून राहिले. तिसऱ्या हिसक्याले काच गर्रकन फिरली. तिची कड नळावर आदळणार, तेवढ्यात मी ती धरली.

"बापरे, पुन्हा गेली असती," हे म्हणाले.

पुन्हा! मी काही बोलायच्या आत ह्यांची नजर माझ्या हातावर गेली. धोतर माझ्या मनगटावर पडलं होतं. तोंड वाकडं करून विचारलं, पारोशानंच शिवलीस ना?

मले किळस आली. त्या गाळाचीही कधी इतकी आली नव्हती. या माणसासोबत मी जन्म काढला, अन् याले चिंता कशाची, तर धोतराची.

"गरिबाच्या पोटावर पाय देऊन पूजेले बसता, अन् विटाळ माझ्या हाताचा?" मी म्हटलं. "पिंकीच्या दारी जाऊन खरं सांगा. तोवर हे धोतर मी रोज अशीच शिवीन."

हे आधी गुरगुरले. पण संध्याकाळी पिंकीच्या दारी गेले. मी शिशिरलेही सोबत धाडलं, बापाचं खरंखोटं त्याच्याही कानावर पडू दे म्हणून. येताना दोघंही मान खाली घालून आले.

दुसऱ्या दिवशी पिंकी कामावर परत आली. भांडी घासली, फरशी पुसली, मागची न्हाणी धुतली. या न्हाणीच्या उंबऱ्याशी मात्र थांबली. हे समोरच पूजेले बसले होते. त्यांच्याकडे पाहूनच ती बोलली, आवाज न चढवता.

"ए कांच ला मैं नइ छुवंव, अम्मा."

ह्यांची घंटी हातातच राहिली. मी तिले एका शब्दानं म्हटलं नाही की बाई, शिव त्या काचेले. घासणी आणली अन् ह्यांच्या पाटाजवळ ठेवली. तेव्हापासून ती खरपुडी हेच घासतात, पूजेच्या आधी.