डावीकडे झुकलेले बाण

लेख सोमवारी पाठवायचा होता आणि शुक्रवारी दुपारी तिला तो कल दिसला.

खरं तर ती नुसती आकृती नीट करत बसली होती. सहा वर्षं तिचं संशोधन एकाच गोष्टीवर चाललं होतं. काचपट्टीत, पातळ द्रवात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे प्लास्टिकचे मणी दाटीवाटीने बसवायचे आणि त्यांच्या फटींत त्याहून कितीतरी बारीक मणी सोडायचे. मोठे हिरवे चमकत, लहान लाल. मोठ्यांची गर्दी इतकी, की ते जागच्या जागी नुसते थरथरत. काचेसारखंच ते, बाहेरून घट्ट आणि आत कसलीच शिस्त नाही. प्रश्न साधा होता: एवढ्या गर्दीतून लहान मणी वाट कशी काढतो?

सूक्ष्मदर्शकाखाली आठ-आठ तासांची फीत घ्यायची आणि एकेका लाल ठिपक्याचा माग काढायचा. संगणक माग काढी, पण दोन ठिपके जवळ आले की याची टोपी त्याच्या डोक्यावर घालून मोकळा होई. मग ती डोळ्यांत तेल घालून चित्रामागून चित्र तपासत बसे. चष्म्याचा नंबर तीनदा वाढला होता.

एवढं करून हाती लागलं ते असं: लहान मणी तासन्‌तास एकाच फटीत घुटमळतो आणि एकाएकी शेजारच्या फटीत उडी घेतो. अकरा फितींत मिळून हजारो उड्या. त्या दुपारी तिने प्रत्येक उडीसाठी एक बाण काढला. बाण चहूकडे विखुरलेले दिसायला हवे होते. ते डावीकडे झुकले होते.

तिने फिती वेगळ्या करून पाहिल्या. चारांत बाण सगळीकडे होते. सातांत कल होता, आणि त्या सातही गेल्या वर्षीच्या होत्या. आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतरच्या. त्या दिवसांत थेंब घालायला तिला दिवसातून तीनदा घरी पळावं लागे, आणि पट्टीचं तोंड बंद करायचा जुना गोंद वाळायला अख्खा दिवस घेई. म्हणून तिने झटपट वाळणारा आणला होता.

तिने खणातून त्या सात पट्ट्या काढून खिडकीशी धरल्या. प्रत्येकीच्या डाव्या तोंडाशी, गोंदाच्या आत, केसाएवढी पांढरी कोरडी रेघ होती. आतला द्रव हळूहळू उडून चालला होता आणि जाता जाता लहान मण्यांना ओढत होता. मोठे अडकलेलेच होते, म्हणून कुणाला संशय आला नव्हता.

तिला रडू आलं नाही. पाय तेवढे दुखत होते.

बाणांची आकृती काढून टाकली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिने काढूनही पाहिली. लेख छान दिसत होता. थोड्या वेळाने ती दोन पट्ट्या घेऊन तिच्या मार्गदर्शक सरांच्या खोलीत गेली. सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. ते उत्तरपत्रिका तपासत होते.

"सर, सात फिती गेल्या."

"गेल्या म्हणजे?"

"पट्ट्या गळतायत. गोंद मी बदलला होता. त्यातल्या कितीतरी उड्या खऱ्या नाहीतच."

सरांनी पट्टी उजेडात धरली. बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला गेल्या वर्षीच वाटलं होतं," ते म्हणाले.

"काय वाटलं होतं?"

"तू परिषदेत फीत दाखवलीस ना, तेव्हा. मागे बसून मनात आलं, हे सगळे एकीकडेच का चाललेत?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर सगळं परत करायला लावावं लागलं असतं. तुझ्या आईचं ते चाललं होतं. आणि खरं सांगू? मलाच कंटाळा आला होता. म्हटलं, नसेलही तसं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एक वर्ष, सर! एक शब्द बोलला असतात तर…"

पण तीच फीत तिने स्वतः शंभरदा पाहिली होती.

"चूक माझीही आहे," सर म्हणाले. "लिहून देऊ का तसं?"

"नको. प्रबंधाच्या मुदतवाढीच्या अर्जावर सही द्या."

घरी आईने दारातच विचारलं, "पाठवलास का गं लेख?"

"नाही. अकरातले सात नमुने पुन्हा करायचेत."

"मग उरलं काय, शेपूट?" आई हसली. मग जवळ येऊन म्हणाली, "माझ्या डोळ्यांपायी झालं का हे?"

"छे गं. गोंद वाईट निघाला."

मग जुना गोंद, प्रत्येक पट्टीमागे एक अख्खा दिवस थांबणं, परत तेच लाल ठिपके. सात पट्ट्यांना आठ महिने लागले. कल गेला आणि त्याबरोबर निम्म्या उड्याही गेल्या. उरल्या त्या थोड्या होत्या, पण खऱ्या होत्या. भोवतालचे मोठे मणी थरथरताना फट क्षणभर सैल होते आणि तेवढ्यात लहान मणी निसटतो, कुठल्याही बाजूला. एका छोट्या नियतकालिकाने लेख स्वीकारला. गळतीमुळे सात नमुने बाद केल्याचं तिने त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

स्वीकारल्याचं पत्र आलं त्या दिवशी ती चार वाजताच घरी आली आणि चपला काढून आडवी झाली. जरा वेळाने फोन वाजला. तो आईने उचलला.

"हो सर, झोपलीय ती," आई हळू आवाजात म्हणाली. "अभिनंदन सांगते, उठल्यावर… नाही हो, आत्ता नाही उठवणार."