डावरा टाका

धाकटी जाऊ दुकानात काम करायला लागली तेव्हा थोरलीने मनाशी म्हटलं होतं, नव्याचे नऊ दिवस. पण हे नवेपण काही सरेना. सासरे, म्हणजे अण्णा, ऊठसूट तिचं कौतुक करीत. "काय टाके आहेत पोरीचे. नुसतं बघत बसावं." ते ऐकलं की थोरलीच्या पोटात दुखायचं. जेवताना घास हातात धरूनही ती त्या टाक्यांचाच विचार करायची.

दुकान जुन्या फौजी चामड्याचं होतं. ब्रिटिश अधिकाऱ्यांचे कंबरपट्टे, पिस्तुलांची कव्हरं, तलवारीचे बंद, नकाशे ठेवायच्या पिशव्या. लोक वस्तू टेबलावर ठेवत आणि विचारत, खरी की खोटी? उत्तर द्यायचं ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसणाऱ्याने, अण्णांचं पितळी भिंग डोळ्याला लावून. दोन्ही मुलांनी चामड्याच्या वासाला कंटाळून नोकऱ्या धरलेल्या. अण्णांची नजर आता अधू झाली होती. भिंग सुनांपैकीच एकीकडे जाणार हे उघड होतं. कोणत्या, ते अण्णा सांगत नव्हते.

थोरलीच्या मते यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. चामडं नाकाने ओळखायला ती त्याच खुर्चीमागे उभी राहून शिकली होती. चहाच्या पाण्यात भिजवून जुनं केलेलं कातडं ती दारातून ओळखायची. आणि ही? हिला तर साधं चामडं धरता येत नव्हतं. सगळं जग सरळ धरतं, ही उलटं धरून, मान वाकडी करून शिवायची. "शीर्षासन कर म्हणजे आणखी सोपं जाईल," थोरली एकदा म्हणाली होती. धाकटी हसली होती. तेही थोरलीला झोंबलं.

त्या दिवशी कॅप्टन आले. फौजेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. कापडात गुंडाळलेला सॅम ब्राऊन त्यांनी टेबलावर ठेवला. रुंद कंबरपट्टा आणि खांद्यावरून तिरका जाणारा बंद.

"लिलावात मिळाला होता. मुलगी आता अधिकारी होतेय. तिला द्यायचाय. पण खोटी वस्तू तिच्या हातात ठेवायची नाही मला."

थोरली आत गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होती. अण्णांनी भिंग धाकटीपुढे सरकवलं. फोन कानाला तसाच ठेवून थोरलीने ते पाहिलं आणि पलीकडचा माणूस काय बोलतोय ते तिला कळेनासं झालं.

धाकटीने सावकाश पाहिलं. पितळ जिथे चामड्याला टेकतं तिथे हिरवट थर चढला होता. एकच भोक ताणून लांबट झालं होतं, म्हणजे पट्टा एकाच कमरेने वर्षानुवर्षं वापरलेला. सरकारी मालावर मारतात तो बाणाचा ठसा नव्हता, आणि त्यात नवल नव्हतं. अधिकारी बहुधा आपला पट्टा स्वखर्चाने शिवून घेत.

"खरा आहे," ती म्हणाली.

"पोरीला नजर आहे," अण्णा म्हणाले.

झालं. थोरलीने फोन ठेवला, बाहेर येऊन पट्टा उचलला आणि जांभळा दिवा लावला. जुना तागाचा धागा त्या उजेडात मंद राहतो. बकलाजवळच्या पट्टीवरचा धागा पांढराशुभ्र चमकला. थोरलीने आनंदाने पट्टा कॅप्टनकडे वळवला.

"हा धागा कारखान्यातला, नवा. आणि बघा, बाकीचे टाके एकीकडे झुकलेत, हे दुसरीकडे. दोन वेगवेगळ्या हातांचं काम. जुने तुकडे जोडून केलेला पट्टा आहे हा. नकली."

"ताई, जरा ती पट्टी पुन्हा बघता का?" धाकटी हळूच म्हणाली.

"मला शिकवू नकोस."

धाकटीने कॅप्टनकडे पाहिलं, मग थोरलीकडे, आणि भिंग टेबलावर ठेवून दिलं. कॅप्टननी पट्टा पुन्हा कापडात गुंडाळला. "नाटकवाल्यांना देऊन टाकतो," म्हणाले, आणि निघून गेले.

थोरलीने भिंग पदराने पुसलं. आता ते आपलंच, असं तिला वाटलं.

धाकटी उठली, मागच्या खणातून चामड्याची एक जुनी पट्टी घेऊन आली आणि दिव्याखाली ठेवली. टाके पांढरे चमकले. तसेच दुसरीकडे झुकलेले.

"ही तुमची आहे, ताई. शिकत होता तेव्हाची. तुम्ही डावऱ्या, म्हणून टाका उलटा झुकतो. तो पट्टा कधीतरी इथे दुरुस्तीला आला असणार. कॅप्टनसाहेबांपुढे कसं बोलू?"

थोरली पट्टीकडे पाहत राहिली. तो धागा तिला आठवला. मजबूत म्हणून तिने हौसेने आणलेला, आणि अण्णांनी नंतर बंद करायला लावलेला. दुसऱ्या कारागिरांचे हात ओळखता ओळखता तिला स्वतःचा हात ओळखता आला नव्हता.

"तुला कसं कळलं?"

"मी याच पट्टीवरून शिकले. तुमच्यासारखा टाका झुकावा म्हणून तर चामडं उलटं धरते."

म्हणजे इतकी वर्षं अण्णा कौतुक करत होते ते याचं. ज्या टाक्यांवर ती जळत होती ते तिचेच होते. हे कळल्यावर जळफळाट शमायला हवा होता. तो वाढला. हिने टाका घेतला, कौतुक घेतलं, आणि वर आज चारचौघांत माझी लाजही राखली.

थोरली चपला न घालताच धावली. कॅप्टन बसच्या थांब्यावर उभे होते.

"पट्टा खरा आहे," ती धापा टाकत म्हणाली. "पट्टी मी दुरुस्त केली होती. माझाच टाका मला ओळखता आला नाही. मुलीला खुशाल द्या."

कॅप्टननी गाठोडं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. "तुम्ही नाही ओळखलात, मग कोणी ओळखला?"

"माझ्या जावेने," थोरली म्हणाली. हे दोन शब्द तिला कडू औषधासारखे गिळावे लागले.

परत येऊन तिने भिंग उचललं आणि धाकटीसमोर ठेवलं. अण्णा काही बोलायला गेले, तर तिने त्यांना हातानेच थांबवलं.

"घे. पण उद्यापासून टाके माझ्यासमोर बसून घालायचे. शेवटची गाठ चुकते तुझी. पट्टीवरून ती कळत नाही."

गाठ खरोखरच चुकत होती. थोरलीला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तिने ते आजवर सांगितलं नव्हतं.